सशाचा स्वभाव कसा असतो? घरी आणण्याआधी तुमचे अनुभव हवेत

मुलगी ७ वर्षांची आहे. आठवडी बाजारात पिंजऱ्यातली चार पांढरी पिल्लं बघून आल्यापासून वाढदिवसाला ससाच हवा म्हणून हटून बसली आहे. आमच्या घरी गाई, कुत्री, मांजरं होती, ससा कधी नव्हता. खाण्यापिण्याचं विचारून कळेल, मला त्याचा स्वभाव समजून घ्यायचा आहे. माणसाळतो का? चावतो का? लहान मुलांत रमतो का? ज्यांच्याकडे ससा आहे किंवा होता, त्यांनी घडलं तसं लिहा. वाईट अनुभव आधी लिहिलेत तरी चालेल.

डोंबिवली

ताई, आमच्याकडे नर आहे, ६ वर्षं झाली. पहिले दोन महिने आम्ही त्याला रोज उचलून मांडीवर घ्यायचो आणि तो रोज आणखी लांब पळायचा. ससा हा शिकार होणारा प्राणी, वरून हात आला की घारीनेच झडप घातली असं त्याला वाटतं. मग मी उचलणंच बंद केलं. संध्याकाळी चटई टाकून फरशीवर भाजी निवडत बसायचे, त्याच्याकडे बघायचंही नाही. नवव्या की दहाव्या दिवशी घोट्याला ओलसर नाक लागलं.

आता तो सगळ्याला हनुवटी घासत फिरतो. टेबलाचा पाय, पेपरचा गठ्ठा, माझ्या पायाचा अंगठा. हनुवटीखाली गंधग्रंथी असतात, 'हे माझं' अशी ती खूण. कपाळावरून हात फिरवला की दात हलकेच करकरतात, ते सुखाचं. हेच दात जोरात वाजले आणि तो अंग आखडून कोपऱ्यात बसला, तर काहीतरी दुखतंय. खुशीत असला की पळता पळता हवेत उडी मारून अंगाला पीळ देतो, धोका वाटला की मागचा पाय धाडकन आपटतो. रात्री दोनला सुद्धा. हुंगायला हात द्यायचा तर अगदी नाकासमोर धरू नका. डोळे बाजूला असल्यामुळे त्याला मागचं दिसतं, पण नाकापुढचं दिसत नाही, आणि तो दचकतो.

चार्जरच्या वायरी मात्र उंचावर गेल्या त्या कायमच्या.

कोल्हापूर

वाईट अनुभव विचारलात म्हणून लिहितोय, नाहीतर कुणाला सांगत नाही. भाचा ६ वर्षांचा. प्रेमानेच उचललं त्याने. सशाने सुटायला मागच्या पायांनी जोरात लाथ मारली आणि तो हातातून पडला. कमरेइतक्या उंचीवरून, फार नाही. मागचे दोन्ही पाय गेले. डॉक्टर म्हणाले, सशाची हाडं हलकी आणि मागच्या पायांत ताकद फार, नुसत्या लाथेच्या झटक्यानेही त्याचा कणा मोडू शकतो. भाचा कितीतरी दिवस नीट जेवत नव्हता. लहान मुलांनी खाली बसूनच खेळायचं, उचलायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून हवा.

नाशिक

दुकानदाराने दोन्ही माद्या म्हणून दिल्या होत्या. पाचव्या महिन्यात एकीने छातीचे केस उपटून टबात पसरायला सुरुवात केली. मला वाटलं खरूज झाली. सकाळी त्या केसांखाली सहा पिल्लं, डोळे मिटलेली, अंगावर केस नाहीत. दुसरी मादी नव्हतीच, तो नर होता. त्याला वेगळं करायचं आम्हाला सुचलं नाही आणि महिन्याभरात आणखी सात. व्यायल्या दिवशीच ससीण पुन्हा गाभण राहू शकते हे तेव्हा कळलं. नर-मादी डॉक्टरांकडूनच तपासून घ्या.

सातारा

थोडं वेगळं, पण सांगायला हवं. ऊसतोडीत फडात सशाचं पिल्लू सापडलं की पोरं घरी आणतात. तो रानससा. त्याचं पिल्लू जन्मतःच केसाळ असतं, डोळे उघडे असतात. आई दिवसभर लांब राहते आणि अंधार पडल्यावर पाजायला येते, म्हणून ते टाकून दिल्यासारखं वाटतं. दहावीत असताना मीही आणलं होतं. गाईचं दूध पाजलं, तिसऱ्या दिवशी गेलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे, तो पाळता येत नाही. आता सापडलं तर आम्ही तिथली तोड थांबवून पिल्लू जवळच्याच बांधावर गवतात ठेवतो.

पुणे

मादी वयात आली की स्वभाव बदलतो. आमची पिंजऱ्यात हात घातला की घुरघुरत पुढचे पाय आपटून अंगावर यायची, दोनदा चावलीही. बाहेर सोडली की तीच शांत. पिंजरा तिचं घर होतं आणि आम्ही न विचारता आत शिरत होतो. पिशवी काढायचं ऑपरेशन केल्यावर दोनेक महिन्यांत निवळली. न केलेल्या माद्यांना वय वाढलं की गर्भाशयाचा कॅन्सर बराच होतो, त्यामुळे ते करायचंच होतं.

डॉक्टर आधी शोधा, ससा नंतर. कुत्र्यामांजरांची सगळी औषधं त्याला चालत नाहीत. पेनिसिलिन गटातली तोंडाने दिली तर जिवावर बेततं, आणि गोचिडांसाठीचा फिप्रोनिलचा स्प्रेही. नीट सांभाळला तर ससा ८ ते १२ वर्षं जगतो, म्हणजे तुमची मुलगी कॉलेजात जाईपर्यंत.

ब्रिस्बेन

आमच्या क्वीन्सलंड राज्यात ससा पाळायला कायद्याने बंदी आहे. सिडनी सोडताना आमचा ससा मित्राकडे ठेवावा लागला. मुलं अजून व्हिडिओ कॉलवर त्याला बघतात.

नागपूर

उन्हाळ्याचं कोणी लिहिलं नाही. सशाला घाम येत नाही, उष्णता कानांतून बाहेर टाकतो. ३० अंशांच्या वर त्याला त्रास होतो आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला जातो. कूलर, ओली फरशी, फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली, सगळं करायचो. एका दुपारी लाईट गेली, संध्याकाळी त्याने गवताला तोंड लावलं नाही. उद्या बघू म्हणालो. सकाळी पोट टणक. सशाचं आतडं सतत चालतं राहावं लागतं. १० - १२ तास खाल्लं नाही तर रात्र असो की पहाट, डॉक्टर गाठायचा. मी गाठला नाही. दुखत असलं तरी तो ओरडत नाही, लपवतो, हाही त्याचा स्वभावच.

पुन्हा मी

सगळं मुलीला वाचून दाखवलं, कोल्हापूरच्या दादांचंही. ती गप्प झाली, मग म्हणाली, "मी नाही उचलणार." वाढदिवसाला ससा नाही आणणार. उन्हाळा जाऊ दे, डॉक्टर सापडू दे. एक विचारायचं राहिलं. गणपतीला आम्ही १० दिवस गावी जातो, तेव्हा त्याचं काय करायचं?

डोंबिवली

प्रवासाला नेऊ नका, घाबरतो. आमच्या शेजारच्या काकू दोन वेळा येऊन गवत-पाणी करतात आणि लेंड्या बघतात. कमी किंवा बारीक दिसल्या की मला फोन. गणपतीत फुलवाल्याकडून त्याच्यासाठी दूर्वांच्या दोन जुड्या जास्त घेतात, धुऊन देतात. जुडीचा दोरा आधी सोडायला सांगा, तो दोराही खातो.