७०७५ अ‍ॅल्युमिनियम लेझर पावडर-बेडवर छापताना उभे तडे: पॅरामीटर बदलून जातील का?

छपाई_विभाग (प्रश्न):

नमस्कार मंडळी. ४०० वॅट फायबर लेझरच्या पावडर-बेड मशीनवर (धातूच्या पावडरीचे थर पसरून ते लेझरने वितळवत भाग बनवणारं थ्रीडी प्रिंटिंग) ७०७५, म्हणजे झिंक, मॅग्नेशियम आणि तांबं असलेला ताकदवान अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातू, छापायचं काम आहे. पावडर गॅस-अ‍ॅटमाइज्ड, २० ते ६३ मायक्रॉन. चेंबरमध्ये आर्गॉन, ऑक्सिजन ०.१ टक्क्याच्या खाली. सुरुवात एएलएसआय१०एमजीच्या (साधारण १० टक्के सिलिकॉनचा अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातू, थोडक्यात एसआय१०) सेटिंगवरून केली: ३७० वॅट, सेकंदाला १३०० मिमी, हॅच (लेझरच्या शेजारच्या दोन रेषांतलं अंतर) ०.१९ मिमी, लेयर ३० मायक्रॉन.

आर्किमिडीज पद्धतीने (द्रवात बुडवून वजन करून) घनता ९९ टक्क्यांच्या वर येते. पण १० मिमीचा क्यूब वायर-कट करून पॉलिश केला की बिल्डच्या दिशेने उभे तडे दिसतात, काही तडे तर अनेक लेयर पार करून गेलेले. वेग ६०० पर्यंत खाली आणला, पॉवर २५० पर्यंत उतरवली, प्लेट २०० अंशांवर तापवली, लहान चौकोनांत स्कॅन केलं, दर लेयरला ६७ अंशांचं फिरवणंही चालू आहे. तडे कमी-जास्त होतात, पण जात नाहीत. याच मशीनवर एसआय१० स्वच्छ निघतं.

ग्राहकाला ७०७५-टी६ च्या (उष्णता-उपचाराने कडक केलेल्या ७०७५ च्या) जवळपासची ताकद हवी आहे. योग्य पॅरामीटर अजून सापडायचे आहेत, की अडचण दुसरीकडेच आहे?

ओतीव_आणि_गोठण:

अडचण मिश्रधातूतच आहे. पॅरामीटर कितीही फिरवलेत तरी साधं ७०७५ तडकणारच.

७०७५ साधारण ६३५ अंशांना गोठायला लागतं आणि ४७७ च्या आसपास पूर्ण गोठतं. म्हणजे जवळजवळ १६० अंशांचा पट्टा, ज्यात घन आणि द्रव एकत्र असतात. एसआय१० चा हाच पट्टा जेमतेम ४० अंशांच्या आसपास आहे. शिवाय त्यात सिलिकॉन युटेक्टिकच्या (सर्वात कमी तापमानाला एकदम गोठणाऱ्या मिश्रणाच्या) जवळ असल्यामुळे शेवटच्या टप्प्यातही भरपूर द्रव उरतो आणि आकुंचनाने पडलेली फट तिथल्या तिथे भरून निघते.

पावडर-बेडमध्ये थंड होण्याचा वेग सेकंदाला लाखो अंशांचा असतो आणि तापमानाचा उतार फार तीव्र असतो. त्यामुळे खालच्या लेयरमधल्या ग्रेनवरच (ग्रेन म्हणजे धातूतला स्फटिक) वरचा ग्रेन त्याच दिशेने वाढतो आणि लांब, उभे, खांबासारखे ग्रेन तयार होतात. दोन खांबांच्या मध्ये झिंक, मॅग्नेशियम आणि तांब्याने समृद्ध अशी द्रवाची पातळ फिल्म शेवटपर्यंत राहते. गोठताना अ‍ॅल्युमिनियमचं आकारमान साधारण ६ टक्क्यांनी घटतं, त्यात थंड होतानाच्या आकुंचनाची भर पडते. एवढ्या लांब आणि चिंचोळ्या वाटेने वरून द्रव पोचत नाही. फिल्म फाटते, तिचा तडा होतो. पुढच्या लेयरचा ग्रेन त्याच रेषेवर वाढतो म्हणून तडाही वर सरकतो. तुम्हाला दिसणारे उभे तडे हेच.

विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सिंदो कू यांनी २०१५ मध्ये यासाठी एक सोपा निर्देशांक मांडला. घनभागाच्या वर्गमुळासमोर तापमानाचा आलेख काढायचा आणि गोठण संपत येताना तो किती तीव्र उतरतो ते बघायचं. उतार जितका तीव्र तितका तडकण्याचा धोका जास्त. थर्मोडायनॅमिक सॉफ्टवेअर असेल तर नवी पावडर मागवण्याआधी एवढं गणित जरूर करा, खर्च वाचतो.

प्लेट २०० अंशांवर तापवल्याने अवशिष्ट ताण आणि वाकणं कमी होतं. ६७ अंशांच्या फिरवण्याचंही तेच. तडे मात्र ४७७ च्या वर, धातू अर्धवट द्रव असताना पडतात. तिथे या उपायांचा हात पोचत नाही.

एक्सझेड_सेक्शन:

वरचं सगळं पटतं. मापनाबद्दल थोडं लिहितो, कारण ९९ टक्के घनता हा आकडा इथे फसवा आहे.

समजा तडा १ मायक्रॉन रुंद आहे आणि दर २५० मायक्रॉनला एक आहे. रिकामी जागा झाली ०.४ टक्के. म्हणजे घनता ९९.६, आणि भाग दर पाव मिलिमीटरला चिरलेला! पृष्ठभागापर्यंत आलेल्या तड्यात आर्किमिडीजचं द्रव शिरलं तर तेवढी जागाही मोजणीतून सुटते. शिवाय झिंक उडालं असेल तर २.८१ ही संदर्भ घनताच चुकीची ठरते.

सेक्शन बिल्डच्या दिशेला समांतर, म्हणजे एक्सझेडमध्येच घ्या. पॉलिश करताना मऊ अ‍ॅल्युमिनियम तड्यावर पसरतं आणि तडा झाकला जातो. म्हणून डायमंड ३ आणि १ मायक्रॉननंतर कोलॉइडल सिलिका द्या, मग केलर (ग्रेन आणि तडे उघडे करणारं आम्लाचं द्रावण): पाणी ९५ मिली, नायट्रिक २.५, हायड्रोक्लोरिक १.५, हायड्रोफ्लोरिक १ मिली. १० ते २० सेकंद पुरतात. हायड्रोफ्लोरिक हाताळताना कॅल्शियम ग्लुकोनेट जेल (आम्ल अंगावर पडलं तर लावायचं) टेबलावर हवंच, कपाटात नको. मशीनिंग केलेल्या भागावर डाय पेनिट्रंट करायचं असेल तर आधी हलकं एचिंग करा, नाहीतर हत्याराने पसरवलेला धातू तडे लपवतो. १० मिमीच्या क्यूबच्या सीटी स्कॅनवर विसंबू नका, १-२ मायक्रॉनचा तडा त्या व्हॉक्सेलमध्ये (स्कॅनच्या त्रिमितीय ठिपक्यात) हरवतो.

आता तुमच्या वेगाबद्दल. ३७० वॅट आणि १३०० ला ऊर्जा येते घन मिलिमीटरला ५० ज्यूल. ३७० वॅट तसेच ठेवून वेग ६०० केलात तर ती १०८ होते आणि लेझर खोल कीहोल (वाफेने भरलेला अरुंद खड्डा) खणतो. अमेरिकेतल्या आर्गॉन (Argonne) नॅशनल लॅबोरेटरीच्या सिंक्रोट्रॉनवर (तीव्र एक्स-रे देणाऱ्या यंत्रावर) हे प्रत्यक्ष चित्रित झालं आहे. कीहोल कधी तयार होतं याचा उंबरठा २०१९ मध्ये आणि त्याचं टोक अस्थिर होऊन बुडबुडे कसे सुटतात हे २०२० मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आलं. अशी छिद्रं गोल असतात आणि ट्रॅकच्या तळाशी सापडतात. वेडीवाकडी, सपाट आणि आत न वितळलेले दाणे असलेली छिद्रं दिसली तर ऊर्जा कमी पडतेय.

कीहोल झालं की झिंकही जातं. ते ९०७ अंशांना उकळतं, मॅग्नेशियम १०९१ ला, तर अ‍ॅल्युमिनियमला जवळजवळ २४७० लागतात. छापलेल्या क्यूबचं आयसीपी (मूलद्रव्यांचं प्रमाण मोजणारी चाचणी) करून घ्या. झिंक ५.१ टक्क्यांच्या खाली गेलं असेल तर तो भाग ७०७५ च्या रासायनिक मर्यादेतच बसत नाही, मग टी६ देऊनही कडकपणा पूर्ण येणार नाही.

पावडर_मिक्सर:

मग उपाय काय? उभे खांब मोडायचे. त्यासाठी द्रवात असे कण हवेत ज्यांच्यावर अ‍ॅल्युमिनियम सहज स्फटिक बांधेल.

कॅलिफोर्नियातल्या मालिबू इथल्या एचआरएल लॅबोरेटरीजने २०१७ मध्ये ‘नेचर’मध्ये हेच दाखवलं. ७०७५ आणि ६०६१ च्या पावडरीवर झिर्कोनियम हायड्राइडचे नॅनोकण चिकटवले, आकारमानाने १ टक्का. वितळलेल्या धातूत झिर्कोनियमच्या एका अणूला अ‍ॅल्युमिनियमचे तीन अशी जाळी तयार होते. तिचं माप अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीशी टक्क्याभराच्या आत जुळतं, त्यामुळे जागोजागी नवे ग्रेन उगवतात. खांबांऐवजी काही मायक्रॉनचे बारीक, सगळीकडून सारखे ग्रेन मिळतात. द्रवाची वाट आखूड होते, ताण वाटला जातो, तडे थांबतात. मात्र त्या पेपरमधली उष्णता-उपचारानंतरची ताकद ४०० मेगापास्कलच्या आसपास होती आणि घडीव ७०७५-टी६ ची साधारण ५७० असते. हा फरक ग्राहकाला आधीच सांगा. पुढे २०१९ मध्ये याच घराण्यातला ७ए७७ हा मिश्रधातू नोंदला गेला.

घरी मिसळायचं म्हटलं तर १ टक्का आकारमान म्हणजे वजनाने साधारण २ टक्के, १० किलोला २०० ग्रॅम. टर्ब्युलासारख्या मिक्सरमध्ये, आर्गॉनखाली, आणि दळायच्या गोळ्या न घालता. गोळ्या घातल्या की दाणे चपटे होतात आणि रिकोटरपुढे (पावडरीचा थर पसरवणाऱ्या पट्टीपुढे) पावडर सरकत नाही. नॅनोकण सुटे राहिले तर गुठळ्या होतात, रिकोटरच्या मागे ओरखडे पडतात. बारीक अ‍ॅल्युमिनियम हॉल फनेलमधून (पावडर किती सहज वाहते ते मोजायचं नरसाळं) बऱ्याचदा वाहतच नाही, मोठ्या भोकाच्या कार्नी फनेलने तपासा. हायड्राइड तापल्यावर हायड्रोजन सोडतं, त्यामुळे छिद्रांवर लक्ष हवं. पावसाळ्यात डबा उघडा राहिला तर ओलाव्याचा हायड्रोजन त्यात आणखी. व्हॅक्यूममध्ये ८० अंशांवर पाचसहा तास सुकवून मगच भरा. एचआरएलकडे पेटंट आहेत, व्यापारी कामासाठी तिकडेही बघून घ्या.

दुसरा, स्वस्त रस्ता सिलिकॉनचा. बेल्जियममधल्या ल्यूवेन विद्यापीठातल्या गटाने २०१६ मध्ये ७०७५ मध्ये वजनाने ४ टक्के सिलिकॉन घालून तडे घालवले. पण सिलिकॉन मॅग्नेशियमला ओढून घेतं, झिंकबरोबर ताकद देणारे कण त्या प्रमाणात घटतात. आणि त्याला ७०७५ म्हणता येत नाही.

छपाई_विभाग:

सर्वांचे आभार, बरंच उलगडलं. तडे असलेले काही भाग एचआयपी (तापवून चारी बाजूंनी गॅसचा मोठा दाब देणं) करून वाचतील का? आणि ग्राहक ड्रॉइंगवरचं नाव बदलायला तयार झाला तर काय सुचवाल?

ओतीव_आणि_गोठण:

एचआयपी आतले बंद तडे मिटवतं, साधारण १०० मेगापास्कल आर्गॉनवर. पृष्ठभागाशी जोडलेल्या तड्यात मात्र गॅस स्वतःच शिरतो, दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो आणि तडा उघडाच राहतो. तुमचे तडे लेयर पार करून जाणारे आहेत, त्यामुळे ते भाग वापरू नका. भार घेणाऱ्या जागी तर मुळीच नको.

नाव बदलता येत असेल तर माझं मत स्कॅल्मलॉयच्या बाजूने आहे. एअरबसच्या एपीवर्क्सचा अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियम-स्कँडियम-झिर्कोनियम मिश्रधातू. ३२५ अंशांवर ४ तास एजिंग (ताकद वाढवण्यासाठी तापवून ठेवणं) केलं की साधारण ५२० मेगापास्कल मिळतात. यात पाण्यात क्वेंचिंग (एकदम थंड करणं) नाही, म्हणजे पातळ भिंतीचे भाग वाकण्याची मोठी भीती जाते. स्कँडियममुळे पावडर महाग आहे, तो खर्च धरूनच कोटेशन द्या.

झिर्कोनियमवालं ७०७५ घेतलंत तर सोल्युशनिंग (झिंक-मॅग्नेशियम-तांबं अ‍ॅल्युमिनियममध्ये विरघळवण्यासाठी तापवणं) ४७० अंशांच्या आसपास, क्वेंच, मग १२० अंशांवर २४ तास. भट्टीचं तापमान ४७७ ओलांडलं तर ग्रेनच्या कडा वितळायला लागतात, तेव्हा थर्मोकपल भागाला टेकवून लावा. भट्टीच्या पॅनेलवरचा आकडा पुरेसा नाही.

पावडर_मिक्सर:

साफसफाईचं राहिलं होतं. अ‍ॅल्युमिनियमची धूळ साध्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नका, वेट सेपरेटरच (धूळ पाण्यात अडकवणारं यंत्र) वापरा आणि त्याची टाकी रोज रिकामी करा, कारण पाण्याशी संयोग होऊन हायड्रोजन सुटत राहतो. झाकण घट्ट बंद ठेवू नका. फिल्टरमधली काजळी पावडरपेक्षा कितीतरी बारीक असते आणि ७०७५ मध्ये तिच्यात झिंक-मॅग्नेशियम जास्त, म्हणून फिल्टर बदलतानाच आग लागण्याचा धोका सर्वात मोठा. वर्ग-डी चं अग्निशामक हाताशी हवं. पाणी नाही, कार्बन डायऑक्साइडही नाही. त्याच मशीनवर स्टील छापत असाल तर गॅस-सर्किट पूर्ण स्वच्छ केल्याशिवाय अ‍ॅल्युमिनियम भरू नका. गंजलेलं लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियमची भुकटी एकत्र आली की थर्माइट होतं.