नोड १८ वरून डायरेक्ट २२ वर गेलं तर चालेल का?

सातपूरकर: द्राक्ष एक्स्पोर्टवाल्यांच्या पॅकहाउसचं सॉफ्टवेअर बघतो, सगळं अजून नोड १८ वर (नोड.जेएस, सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं) आहे आणि त्याचा सपोर्ट एप्रिल २०२५ मध्येच संपला, म्हणजे सिक्युरिटी पॅच पण बंद. आता आधी २० वर जाऊ का सरळ २२? जानेवारीत माल सुरू झाला की सर्व्हरला कोणी हात लावू देणार नाही, त्याआधी उरकायचंय.

गंगापूररोड: २० च्या नादी लागूच नका. त्याचा सपोर्ट एप्रिल २०२६ पर्यंतच, २२ चा एप्रिल २०२७ पर्यंत आहे, एकाच कामासाठी दोनदा टेस्टिंग कशाला.

सिडको_डेव्ह: हो २२ च. फक्त कोडमध्ये जेसन (डेटाची) फाइल इम्पोर्ट करताना 'असर्ट' लिहिलं असेल तर २२ मध्ये ते काढून टाकलंय, तिथे 'विथ' लिहायचं. ते १८.२० मध्ये पण चालतं, म्हणजे आत्ताच बदलून लाइव्ह टाका आणि व्हर्जन नंतर बदला, काही तुटलं तर नेमकं कशामुळे ते कळतं. आणि बीक्रिप्टसारखी (पासवर्ड हॅश करणारं) नेटिव्ह पॅकेजेस, म्हणजे मशीनसाठी बिल्ड केलेला कोड असलेली, असतील तर नोड मॉड्यूल्स फोल्डर उडवून परत इन्स्टॉल करा, काही पॅकेजेसचा जुना बिल्ड नव्या व्हर्जनवर लोड होत नाही.

सातपूरकर: बीक्रिप्ट आहे भाऊ, लॉगिन सगळं त्याच्यावरच. असर्ट पण दोन-तीन फाइलीत सापडलं, आजच बदलतो.

गंगापूररोड: एनव्हीएम (नोडची व्हर्जन्स सांभाळणारं टूल) टाकून घ्या, दोन्ही व्हर्जन शेजारी ठेवता येतात. आणि लेबल प्रिंटिंग खऱ्या प्रिंटरवरच तपासा.