कुकरमधलं इथेनॉल आणि स्कूटरची टाकी

कोपरखैरण्याच्या गॅलरीत कुकरला तांब्याची नळी जोडून स्कूटरपुरतं इथेनॉल काढायचं, असं तुम्ही वर लिहिलंय. मी टीटीसीतल्या (नवी मुंबईच्या औद्योगिक पट्ट्यातल्या) एका कारखान्यात डिस्टिलेशन कॉलमवर, म्हणजे ऊर्ध्वपातनाच्या उंच मनोऱ्यावर, काम करतो, म्हणून राहवलं नाही.

खरी अडचण पाण्याची आहे. इथेनॉल ७८.४ अंशांना उकळतं, पाणी १०० ला, म्हणून काम सोपं वाटतं. आमच्या कॉलमच्या डोक्यावरचा तापमानाचा काटा ७८ वर खिळून राहतो. तो वर सरकू लागला की पाणी यायला लागलं हे आम्ही ओळखतो. पण कॉलम कितीही चांगला असला तरी वजनाने सुमारे ९५.६ टक्क्यांपुढे साध्या ऊर्ध्वपातनाने जाता येत नाही. उरलेलं पाणी काढायला ३ए मॉलिक्युलर सीव्ह, म्हणजे पाणी शोषून घेणारे बारीक छिद्रांचे दाणे, लागते. कुकरमधून तर एका फेरीत पाणीच भरपूर येणार. असं इथेनॉल पेट्रोलमध्ये ओतलंत की दोन वेगळे थर होतात, पाणचट थर टाकीच्या तळाशी बसतो आणि इंजिन नेमका तोच ओढतं.

आणि कळकळीने सांगतो, घरात हे करू नका. इथेनॉलची ज्योत फिकट निळी, उन्हात जवळपास दिसत नाही. एकदा गॅस्केटमधून वाफ सुटली तेव्हा आम्ही पूर्ण प्लांट थांबवला होता. तुमच्या गॅलरीशेजारी स्वयंपाकघर आहे. शिवाय १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय भट्टी लावणं गुन्हा आहे, हेतू इंधनाचा असला तरी आधी उत्पादन शुल्क खात्याकडे जावं लागेल.