‘गोतावळा’ ग्रुपवर तुलुमची चर्चा

संजयकाका (नाशिक), रात्री ८:४२
ताई, आमचं ठरतंय. मेमध्ये निखिलकडे जातोच आहोत, तर तिथून चार दिवस कानकून. निखिल म्हणतो त्यातला एक दिवस तुलुमची गाईडेड टूर घेऊ. समुद्रकाठचं गाव, जुने अवशेष, पोहायला विहीर, जेवण, सगळं एका दिवसात. तुम्ही जानेवारीत केलीत ना? घ्यावी का? खरं सांग, स्टेटसला टाकलं होतंस तसं नको.

निखिल (ह्यूस्टन), ८:४४
लिंक टाकलीये वर. चार ठिकाणं, जेवण धरून. रेटिंग मस्त आहे.

शुभाआत्या (पुणे), ८:४६
टूर घ्यावी. निखिलनं पाठवलेली घेऊ नये. सविस्तर लिहिते, आत्ता फोडणी टाकलीय.

मधुकाका (रत्नागिरी), ८:४७
समुद्र बघायला मेक्सिको? भाट्याला या. गाईड मी. फुकट.

नीताकाकू, ८:४९
भावजी, मागच्या खेपेला तुम्हीच गाईड होतात. गाडी वाळूत रुतली होती.

मधुकाका, ८:५०
तो टूरचाच भाग होता.

शुभाआत्या, ९:१५
हां, तर ऐक. कानकूनपासून तुलुम साधारण १३० किलोमीटर. दोन तासांचा रस्ता, सरळसोट, दोन्ही बाजूंना खुरटं जंगल, समुद्र कुठेही दिसत नाही. पण बस आपल्याला घेऊन थेट तिकडे जात नाही. आणखी पाच-सहा हॉटेलं फिरून माणसं गोळा करते, स्कूलबस करते तशी. त्यामुळे ‘दोन तास’ म्हणतात त्याचे साडेतीन होतात. आमचा पिकअप ६:४० ला होता. ६:४० ला आम्ही लॉबीत नव्हतो. का ते अण्णांना विचार.

अण्णा, ९:१६
घड्याळ बरोबर होतं.

शुभाआत्या, ९:१७
डॅलसचं बरोबर होतं! मोबाईल आपली वेळ आपण बदलतो, ह्यांच्या मनगटावरचं एचएमटी बदलत नाही. हे म्हणाले अजून तासभर आहे, आणि टॉवेल घेऊन आंघोळीला. तेवढ्यात रूमचा फोन वाजला, खाली ड्रायव्हर उभा. मी निम्मा पोशाख बसमध्ये चढता चढता केला. आधीच बसलेल्या वीस माणसांनी आमच्याकडे जे बघितलं ना, ते मी डोळ्यांनीच परत केलं.

केतकी (डॅलस), ९:१९
आईबाबा 🙏 माझीच चूक, मी सांगायला हवं होतं. मामा, कानकून ज्या राज्यात आहे, किंताना रो, ते २०१५ पासून वर्षभर एकच वेळ ठेवतं. आमचं घड्याळ हिवाळ्यात तासभर मागे येतं, म्हणून फरक पडतो. मेमध्ये दोन्हीकडे सारखीच वेळ असेल.

संजयकाका, ९:२१
ते कळलं. पण निखिलची टूर का नको?

शुभाआत्या, ९:२९
कारण चार ठिकाणं. तुलुम, कोबाचे अवशेष, सेनोते म्हणजे ती पोहायची विहीर, आणि प्लाया देल कार्मेन गाव. आमच्यात कोबा नव्हतं, तीनच होती, तरी हिशेब ऐक. तुलुमच्या अवशेषांत सव्वा तास. समुद्रावर पंचवीस मिनिटं, त्यात पायातली वाळू झटकायची दहा. आणि दुकानात पन्नास. दुकान कार्यक्रमात कुठे लिहिलंच नव्हतं.

निखिल, ९:३०
आत्या, यात ‘सांस्कृतिक थांबा’ लिहिलंय. म्हणजे म्युझियम असेल ना?

शुभाआत्या, ९:३६
तेच ते दुकान. चांदी, काळ्या काचेसारख्या दगडाच्या सुऱ्या, टकिलाचे इवले पेले. आणि खरी गंमत पुढे. बसमध्ये सकाळीच एक मुलगा वही घेऊन फिरला होता, प्रत्येकाचं नाव आणि जन्मतारीख विचारत. मला वाटलं विम्यासाठी असेल. सांगून टाकली, वय न चोरता. दुकानात पोचतो तर झाडाच्या सालीच्या कागदावर तिथल्या माया लोकांच्या जुन्या चित्रलिपीत माझं नाव, माझा जन्मदिवस, रंगीत, तयार! घ्यायची सक्ती नाही म्हणे. पण पोरगा तो कागद दोन्ही हातांत धरून समोर हसत उभा. तांदूळ टाकायचे तेवढे राहिले होते.

नीताकाकू, ९:३७
अय्या. घेतलीत?

अण्णा, ९:३७
घेतली.

शुभाआत्या, ९:३८
माझी घेतली. ह्यांची नाही. एका घरात एक पत्रिका पुरे.

मधुकाका, ९:३८
गुण किती जुळले?

शुभाआत्या, ९:४९
मधू, तू झोप. संजय, पैसे वसूल झाले ते गाईडमुळे, म्हणून टूर घे म्हणते. पन्नाशीचा माणूस, घरी माया भाषा बोलणारा. आपल्याला वाटतं ‘माया लोक’ म्हणजे लुप्त झालेले. तो बसमध्ये आईशी फोनवर मायात बोलत होता! मी उतरताना मायात ‘थँक्यू’ कसं म्हणतात विचारलं. ‘द्योस बोओतिक’. म्हणजे देव तुझी परतफेड करो. शब्दातला ‘द्योस’ स्पॅनिश, उरलेलं माया. एवढ्याशा शब्दात पाचशे वर्षं.

तुलुम म्हणजे मायात तटबंदी. तीन बाजूंनी जाड दगडी भिंत, चौथीकडे कडा आणि खाली समुद्र. दारं इतकी बुटकी आणि अरुंद की अण्णा वाकून गेले, आणि तुला माहितीये ते कुठे वाकत नाहीत. तेराव्या ते पंधराव्या शतकात हे बंदर भरात होतं. मीठ, मध, कापूस, तो काळा दगड, सगळं होड्यांतून. १५१८ मध्ये ग्रिहाल्वाची स्पॅनिश जहाजं या किनाऱ्यानं गेली. जहाजावरच्या पाद्र्यानं लिहून ठेवलंय की स्पेनमधल्या सेव्हिलएवढं मोठं शहर दिसलं. ते हेच असं मानतात. प्रत्यक्षात बघशील तर सेव्हिल कुठलं, आपल्या तालुक्याच्या गावाएवढंही नाही. पण तेव्हा भिंती लाल-निळ्या रंगवलेल्या होत्या, आणि दुरून जहाजावरून बघणाऱ्या डोळ्यांना काय काय दिसत असेल.

आणि एक देव आहे, दारावर कोरलेला. डोकं खाली, पाय वर. पोरं विहिरीत सूर मारतात अगदी तस्सा. ‘उतरणारा देव’ म्हणतात. कुणी मधमाश्यांचा देव मानतात. सोबत गाईड नसता तर मी त्याच्याखालून सरळ निघून गेले असते.

संजयकाका, ९:५२
हे चांगलं सांगितलंस. वर चढू देतात का?

केतकी, ९:५३
नाही मामा, मोठ्या देवळावर चढायला बंदी आहे, दोरी लावलेली असते. आणि सावली जवळजवळ नाहीच. टोपी, पाणी, आणि गेट सकाळी आठला उघडतं तेव्हाच शिरायचं. अकरानंतर नुसती डोकी दिसतात. आणि घोरपडी.

नीताकाकू, ९:५४
घोरपडी??

केतकी, ९:५४
इग्वाना. दगडावर ऊन खात पडलेल्या असतात, काही करत नाहीत.

निखिल, ९:५६
पण तिकीट टूरमध्ये धरलंय ना?

केतकी, १०:०१
नीट वाच. बऱ्याच टूरमध्ये साइटवर दिसते ती किंमत वेगळी, आणि ‘प्रवेश शुल्क व कर’ पिकअपच्या वेळी रोख. आता तिथे जॅग्वार पार्क झालंय, त्याचं शुल्क वेगळं आणि अवशेषांचं तिकीट वेगळं. बुक करण्याआधी मेसेज करून विचार, आमच्याकडून एकूण किती घेणार. लेखी घे.

नीताकाकू, १०:०३
ताई, खाण्याचं काय? आम्ही दोघं शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही.

शुभाआत्या, १०:१४
हो, हे महत्त्वाचं. बुफेत घेवड्याच्या बियांची उसळ असते, काळसर, घोटलेली. फ्रिहोलेस. बघून माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात केतकीचं वाक्य आठवलं, ‘मांतेका विचार’. मांतेका म्हणजे डुकराची चरबी. विचारलं, तर होती! भातही कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला. आणि नुसतं ‘शाकाहारी’ म्हटलं तर मासे चालतील ना, असं अगदी प्रेमानं विचारतात. तेव्हा सगळं एकेक नाव घेऊन सांगायचं, मांस नको, कोंबडी नको, मासे नको, मांतेका नको.

टॉर्टिया मात्र बिनधास्त खा, मक्याचीच आहे ना एवढं विचारून. गव्हाची असली तर परत मांतेका. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर ठेवून, सालं धुऊन मग वाटतात. खायचाच चुना. गरम असताना वासावरून आपली भाकरीच. मी पिशवीत शेंगदाण्याची चटणी नेली होती. टॉर्टिया, चटणी, वर लिंबू पिळून. शेजारच्या टेबलावरची कोलंबियाची बाई येऊन चाखून गेली.

आणि लाल सरबत मिळतं, आग्वा दे हामाइका. मी म्हटलं ही चव ओळखीची आहे. अंबाडी! लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत. आंबट, गार. मी तीन पेले प्यायले.

मधुकाका, १०:१६
अंबाडीची भाजी खायला ही नाक मुरडायची लहानपणी. तिकडे तीन पेले.

शुभाआत्या, १०:१७
काकूच्या भाजीत साखर नव्हती.

अण्णा, १०:१९
शहाळं सांगायचं राहिलं.

शुभाआत्या, १०:२५
हो! प्लाया देल कार्मेनला मोकळा वेळ होता. समुद्रालगतच्या गल्लीत शहाळं, पाटीवर डॉलरचं चिन्ह आणि पुढे १२०. हे पाटीसमोर उभे राहून मला म्हणाले, चल, एवढी तहान नाही लागलेली. मेक्सिकोत पेसोलाही तेच चिन्ह लावतात! एका डॉलरला सतरा-अठरा-वीस, असे काहीतरी पेसो येतात. एवढं ह्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मधुकाका, १०:२७
म्हणजे साडेपाचशे-सहाशे रुपयांचं शहाळं. ह्यांचं पहिलं मत बरोबर होतं.

संजयकाका, १०:२९
बरं, ती विहीर?

शुभाआत्या, १०:३८
सेनोते. ते चुकवू नको, बाकी काही चुकलं तरी चालेल. त्या भागात वाहती नदी जवळजवळ नाहीच. सगळी जमीन चुनखडीची, पाऊस पडला की पाणी थेट खाली मुरतं. खाली गुहा, गुहांतून पाणी वाहतं, कुठे छत कोसळलं की आभाळ दिसतं. तेच सेनोते. आपल्या बारवेसारखं वाटतं, पण बांधलेलं कुणी नाही. शतकानुशतकं लोक हेच पाणी प्यायले, म्हणून देवाचं मानायचे. पाण्यात उतरण्याआधी शॉवर सक्तीचा, अंगावर सनस्क्रीन चालत नाही. लाइफ जॅकेट देतात, तेव्हा पोहता न येणाऱ्यांनीही उतरावं.

मी उतरले. लेगिंग आणि टी-शर्टवर. पाणी इतकं नितळ की स्वतःच्या पायांखाली वीस फूट खोल दिसतं आणि पोटात गोळा येतो. डोक्यावर छताला वडासारख्या मुळ्या लोंबतात, मुळ्यांवरून थेंब पडतो, टप्प, आणि सगळी गुहा तेवढाच आवाज करते. हे काठावरच्या पायरीवर पाय सोडून बसले होते, बारके मासे पायाला टोचत होते. त्या अर्ध्या तासात ह्यांनी घड्याळ बघितलं नाही.

अण्णा, १०:३९
काढून ठेवलं होतं.

निखिल, १०:४२
ओके, मग तुलुम आणि एक सेनोते एवढीच बघतो. बाबा, संध्याकाळी बीचवर बसू निवांत.

केतकी, १०:५०
निख्या, मे म्हणतोयस. सारगासो शोधलंस का? तांबूस समुद्री शेवाळ. २०११ पासून अटलांटिकमधून लोंढेच्या लोंढे येतात. २०१८ मध्ये तर आफ्रिकेपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत सुमारे ८,८५० किलोमीटरचा पट्टा उपग्रहातून दिसला होता. साधारण मार्च-एप्रिल ते ऑक्टोबर त्रास. किनाऱ्यावर ढीग कुजले की सडक्या अंड्याचा वास. मेक्सिकोचं नौदल बोटी लावून गोळा करतं, तरी पुरं पडत नाही. जानेवारीत आईबाबांना पाणी फिरोजी दिसलं, मेमध्ये चहाच्या रंगाचं दिसू शकतं.

नीताकाकू, १०:५१
मग एवढं लांब जाऊन काय करायचं?

केतकी, १०:५५
मामी, शेवाळ मुख्यतः पूर्वेकडे तोंड असलेल्या किनाऱ्याला लागतं, आणि तुलुम नेमकं तसंच आहे. इस्ला मुहेरेस बेटाचा उत्तरेकडचा किनारा बहुतेक वाचतो, कानकूनहून फेरीनं पटकन जाता येतं. पोहण्याचा दिवस तिकडे ठेवा. तुलुमला अवशेष आणि सेनोते, समुद्र नुसता कड्यावरून बघायचा. सेनोतेत शेवाळ जात नाही. जूनमध्ये मात्र ढकलू नका, तेव्हा वादळांचा हंगाम सुरू होतो. २०२४ च्या ५ जुलैला बेरिल चक्रीवादळ तुलुमजवळच धडकलं होतं.

संजयकाका, १०:५८
व्हिसाचं? वेगळा काढावा लागतो का?

केतकी, ११:०३
तुम्हा दोघांच्या पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा आहे, तेवढ्यावर मेक्सिकोत जाता येतं. परत अमेरिकेत शिरायचंय, म्हणून मल्टिपल एंट्री आहे ना तेवढं बघा. पण निख्या, गौरीच्या पासपोर्टवरचा अमेरिकेच्या व्हिसाचा शिक्का संपलाय ना? नुसता मंजुरीचा कागद मेक्सिकोला चालत नाही. तिला मेक्सिकोचा व्हिसा काढावा लागेल.

निखिल, ११:०५
अरे बाप रे. हे डोक्यातच नव्हतं. बुक करणारच होतो आत्ता.

मधुकाका, ११:०६
भाट्याला व्हिसा लागत नाही.

निखिल, ११:२४
बुकिंग थांबवलं. गौरी उद्या कॉन्सुलेटची अपॉइंटमेंट बघते. टूर दुसरी सापडली, आठ माणसांची व्हॅन, तुलुम आणि एकच सेनोते, दुकान नाही असं स्पष्ट लिहिलंय. मघाच्यापेक्षा महाग आहे थोडी.

शुभाआत्या, ११:२६
ही घे. आणि गाईडला, ड्रायव्हरला टीप वेगवेगळी दे, पेसोत, हातात.

नीताकाकू, ११:२८
ताई, तुमच्या त्या पत्रिकेचा फोटो टाका ना. बघू तरी.

शुभाआत्या, ११:३३
हॉलमध्ये लावलीये, सकाळी उजेडात काढते. फ्रेम ह्यांनी ठोकली. उलटी लागलीय की सुलटी ते मला कळत नाही, आणि ज्याला कळेल तो तुलुमला. संजय, वही घेऊन मुलगा आलाच तर मधूची जन्मतारीख दे.