'वेस्ट साइड स्टोरी'तल्या टोळ्या कितपत खऱ्या?

मेघना_क: आमच्या फिल्म क्लबात 1961 चा 'वेस्ट साइड स्टोरी' हा न्यूयॉर्कमधल्या दोन टोळ्यांच्या वैराचा संगीतमय सिनेमा दाखवणार आहोत. आधी दहा मिनिटं मी बोलायचं आहे. न्यूयॉर्कच्या पोरांच्या टोळ्या खरंच अशा गोरे विरुद्ध प्वेर्तो रिकन (कॅरिबियनमधल्या प्वेर्तो रिको बेटाचे लोक) असायच्या का? काय सांगावं, काय टाळावं?

चंद्रकांत_प: वंशाची तेढ खरीच, पण वाटणी इतकी सरळ नव्हती. टोळी जमायची ती आधी गल्लीवरून. 30 जुलै 1957 ला मॅनहॅटनच्या हायब्रिज पार्कात 15 वर्षांच्या, पोलिओने पाय अधू झालेल्या मुलाचा खून झाला. मारणाऱ्या 'इजिप्शियन किंग्ज अँड ड्रॅगन्स'मध्ये कृष्णवर्णीय आणि प्वेर्तो रिकन पोरं एकत्र होती. भांडण पेटलं होतं पार्कातल्या सार्वजनिक तलावावरून. तो 'जेस्टर्स' या दुसऱ्या टोळीचा इलाका, बाहेरच्यांना पोहू देत नसत. दोनच महिन्यांनी, 26 सप्टेंबरला, हा सिनेमा ज्यावर बेतलाय ते नाटक ब्रॉडवेवर आलं. एकच घटना सांगायची तर हीच सांगा.

सिनेमात डॉकच्या दुकानात दोन्ही टोळ्या मारामारी ठरवायला बसतात, ती बैठक मात्र अस्सल आहे. टोळ्यांमध्ये अध्यक्ष असायचा, शिवाय 'वॉर कौन्सिलर' असायचा. मारामारीची जागा, वेळ, हत्यारं तो समोरच्या टोळीशी बोलून ठरवायचा.

रंगमंच_वेडी: प्वेर्तो रिकन मंडळी कथेत नंतर आली, हे जरूर सांगा. 1949 ची मूळ कल्पना कॅथलिक आणि ज्यू घरांची होती, नावही 'ईस्ट साइड स्टोरी'. 1955 मध्ये लॉस एंजेलिसच्या टोळ्यांच्या बातम्या वाचून संगीतकार बर्नस्टाइन आणि लेखक लॉरेंट्स यांनी ती फिरवली. म्हणजे शेजाऱ्यांपेक्षा वर्तमानपत्रातून घेतलेली पात्रं, आणि ते जाणवतं. सिनेमात प्वेर्तो रिकन टोळीचा म्होरक्या बर्नार्डो झालेला जॉर्ज चाकिरिस ग्रीक वंशाचा. त्याची प्रेयसी अनिता झालेली रिटा मोरेनो मूळची प्वेर्तो रिकोचीच, तरी तिच्याही चेहऱ्यावर गडद रंग चोपडला.

नाटकाची रेकॉर्ड ऐकवणार असाल तर 'अमेरिका' गाणं तपासून घ्या. रंगमंचावर ते फक्त मुलींमधलं आहे, सिनेमात मुली विरुद्ध मुलगे; शब्दही बदललेत.

चंद्रकांत_प: अजून एक. सुरुवातीच्या नाचाचा काही भाग वेस्ट 68व्या रस्त्यावर चित्रित झाला. लिंकन सेंटर या कलासंकुलासाठी ती वस्ती रिकामी करून पाडत होते. ज्या गल्लीसाठी दोन्ही टोळ्या भांडतायत, ती कुणाचीच उरणार नव्हती, आणि 1961 चा सिनेमा यावर गप्प आहे. स्पीलबर्गचा 2021 चा सिनेमा थेट त्या ढिगाऱ्यांपासूनच सुरू होतो. तेवढी दोन मिनिटं आधी दाखवा.

आणि प्वेर्तो रिकन लोकांना 'परदेशी' म्हणू नका. 1917 पासून ते अमेरिकेचे नागरिक आहेत.