कापडी बाहुल्या : घरातला वेळ, घरातली जागा (अनुभव धागा)

धागा उघडताना

आपण कापडी बाहुल्या करतो किंवा जमवतो असे सांगितले, की ऐकणाऱ्याच्या दोन शंका ठरलेल्या असतात : एवढा वेळ मिळतो कुठून, आणि एवढ्या बाहुल्या ठेवता कुठे? शंका खोचकपणे विचारल्या गेल्या तरी त्या रास्त आहेत. नमुने, टाके आणि कापड यांविषयीची माहिती हवी तेवढी मिळते. परंतु शिवायला बसल्यावर घरातून हाक आली तर हातातले काम कोणत्या टप्प्यावर खुशाल खाली ठेवता येते, आणि कोणत्या टप्प्यावर ठेवले तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, हे सहसा कोणी लिहीत नाही. म्हणून आपले अनुभव येथे मागवत आहे. बाहुली स्वतः केलेली असो वा केवळ सांभाळलेली असो, दोन्ही चालेल.

सुरुवात माझ्यापासून करते. मी कामाची विभागणी सोपे आणि अवघड अशी करत नाही, तर व्यत्यय सोसणारे आणि व्यत्यय न सोसणारे अशी करते. आखणे आणि कापणे हे दुसऱ्या प्रकारात मोडते, कारण त्यासाठी मोकळे टेबल लागते आणि कापडाचा उभा धागा सांभाळावा लागतो. एक पाय उभ्या धाग्यावर आणि दुसरा उरेब (धाग्याला तिरका) कापला गेला, तर भरल्यानंतर उरेब पाय लांबतो आणि बाहुली लंगडी दिसू लागते. म्हणून घर शांत असेल त्या वेळी मी दोन-तीन बाहुल्यांचे भाग एकदमच कापते आणि प्रत्येकीची वेगळी पिशवी करून ठेवते. कापड आधी धुऊन घेतलेले असावे, हे वेगळे सांगायला नको; गडद लाल आणि निळ्या कापडाचा रंग पुढे अंगाच्या फिकट कापडावर उतरला तर त्याला उपाय नाही.

मशीनवरची शिलाई मध्यम प्रकारात येते. टाका दीड ते दोन मिलिमीटरचा ठेवावा, माया (शिलाईबाहेरचे जादा कापड) पाच-सहा मिलिमीटर सोडावी आणि मान, बगल व अंगठा येथील वळणांवर शिलाईच्या अगदी जवळपर्यंत कात्रे द्यावीत, म्हणजे सुलटे केल्यावर चुण्या पडत नाहीत. हे सर्व एका बैठकीत झाले तर उत्तम, नाही तर एकेक हात आणि एकेक पाय करूनही चालते. मात्र चेहऱ्याचे भरतकाम, केस, कपडे आणि छोटे जोडे ही कामे अशी आहेत की ती पाच मिनिटांतही पुढे सरकतात. घरातल्यांशी बोलता बोलता, कोणाची वाट पाहताना, झोपलेल्या मुलाशेजारी बसून मी जे काही केले आहे ते बहुतेक याच प्रकारातले आहे.

घरात लहान मूल असलेल्या आईकडून

आपण म्हणता ती विभागणी मलाही पटते; पण लहान मूल घरात असले की तिच्यात आणखी एक निकष मिसळतो, तो म्हणजे काम अर्धवट सोडून उठल्यावर मागे काय पडून राहते हा. लोकर राहिली तर फार तर गुंता होईल. टाचण्या, सुया, बटणे आणि मणी राहिले तर मात्र जिवावर बेतू शकते. म्हणून मूल जागे असताना मी टाचण्या अजिबात वापरत नाही, त्याऐवजी कापडाला लावायचे रंगीत चिमटे वापरते. ते जाडजूड आणि ठळक असल्यामुळे एखादा जमिनीवर पडला तरी लगेच दिसतो. सुईलाही नेहमी लांब, भडक रंगाचा दोरा ओवलेला ठेवते.

तीन वर्षांखालील मुलांच्या बाहुलीचे डोळे भरतकामाचेच असावेत, बटणांचे नव्हे. खेळण्यांच्या तपासणीत आतला व्यास ३१.७ मिलिमीटर असलेली एक नळी वापरतात आणि जी वस्तू त्या नळीत पूर्ण मावते ती या वयाच्या मुलांसाठी धोक्याची मानली जाते. या मापाने पाहिले तर कपड्यांची जवळजवळ सगळी बटणे बाद ठरतात. ‘पक्के शिवले आहे’ हा युक्तिवाद मला मान्य नाही, कारण मूल बाहुलीचा डोळा दातांनी ओढते, आणि दोरा टिकला तरी जुने कापड फाटते. लांब मोकळ्या फिती आणि दोऱ्याही मी गळ्याशी ठेवत नाही.

घर आणि बाहुली यांचा विषय निघाला की मला नेहमी जर्मनीतल्या बाहुलीकार केटे क्रूझे यांची आठवण होते. १९०५ साली त्यांच्या मोठ्या मुलीला बाहुली हवी होती; शिल्पकार असलेल्या नवऱ्याला बाजारातल्या बाहुल्या पसंत पडेनात, म्हणून त्याने ‘तुम्हीच करा’ असे कळवून टाकले. त्या माऊलीने टॉवेलमध्ये वाळू भरली, डोक्याच्या जागी बटाटा घातला आणि मुलीच्या हाती बाहुली दिली. पुढे १९१० मध्ये बर्लिनच्या एका मोठ्या दुकानात घरगुती खेळण्यांचे प्रदर्शन भरले, तेथे त्यांच्या बाहुल्यांची वाखाणणी झाली आणि त्यातून मोठा व्यवसाय उभा राहिला. नवऱ्याने बाहुल्या नापसंत करायच्या आणि त्या करायला मात्र बायकोने बसायचे, हा भाग आमच्याकडे सर्वांना फार ओळखीचा वाटतो.

केवळ भरण्याचे काम करणाऱ्या एका गृहस्थांकडून

मला शिवता येत नाही आणि शिकण्याची इच्छाही नाही. आमच्या घरी पत्नी शिवते आणि मी भरतो. भरणे हे बिनडोक काम आहे असा समज असेल, तर एकदा बाहुलीची मान भरून पाहावी. कापूस मोठ्या गोळ्यांनी कोंबला तर बाहेरून टेंगळे दिसतात. म्हणून चिमूटभर तंतू पिंजून घ्यायचे, बोथट टोकाच्या काडीने आधी बोटांच्या आणि पावलांच्या टोकाशी न्यायचे, आणि मग मागे मागे येत राहायचे. मान ही धड आणि डोके या दोहोंपेक्षा घट्ट असावी लागते, अन्यथा थोडे दिवस हाताळल्यावर डोके पुढे लोंबू लागते.

कशाने भरावे यावर आमच्यात मतभेद आहेत. साधा कापूस अंगाला भारदस्तपणा देतो, परंतु कालांतराने त्याच्या गुठळ्या होतात आणि तो धुतल्यास वाळता वाळत नाही. सावरीचा कापूस हलका आणि रेशमी असतो, पाणी फारसे शोषत नाही, पण भरताना तो घरभर उडतो व नाकात जातो, तेव्हा तोंडाला फडके बांधूनच बसावे. पॉलिएस्टरचे तंतू धुण्यास सर्वांत सोयीचे असतात. मला सावरी आवडते. घर झाडण्याची पाळी ज्यांची असते त्यांना ती आवडत नाही.

चेहरा कोरा ठेवणाऱ्या एका शिक्षिकेकडून

मी ज्या पद्धतीच्या बाहुल्या करते त्या वॉल्डॉर्फ बाहुल्या म्हणून ओळखल्या जातात. १९१९ मध्ये रुडॉल्फ स्टायनर यांनी श्टुटगार्ट येथे सुरू केलेल्या शाळेपासून जी शिक्षणपद्धती पुढे आली, तिच्यात या बाहुल्या रुजल्या. आत मेंढीची लोकर घट्ट गुंडाळून गोळा करतात, त्यावर डोळ्यांच्या रेषेत दोरा आवळून बांधतात, म्हणजे कपाळ आणि गाल आपोआप वेगळे होतात, आणि वर होजिअरीचे सुती कापड ताणून शिवतात. डोळे म्हणजे दोन टाके आणि तोंड म्हणजे एक टाका. कित्येकदा तेवढेही नसते. हेतू असा, की बाहुली आज रडते आहे की रुसली आहे हे मुलाने ठरवावे, करणाऱ्याने नव्हे. युक्रेनमधली मोतान्का बाहुली तर बहुधा चेहऱ्याविनाच असते, आणि ती सुई न वापरता कापड गुंडाळून व बांधून करतात. सुई-कात्री दूर ठेवून मुलांसोबत काही करायचे असेल तर ही रीत जरूर वापरून पाहावी.

व्यत्ययाच्या दृष्टीने सांगायचे तर डोके बांधण्याचे काम मध्येच सोडता येत नाही. दोरा सैल झाला की सगळा आकार गेला. तेवढा अर्धा तास मी घरात सांगून घेते.

चेहऱ्याचा आग्रह धरणाऱ्या एका ताईंकडून

वरील मताचा आदर राखून मी असहमती नोंदवते. आमच्या घरात कोऱ्या चेहऱ्याची बाहुली मुलांनी चार दिवसांत पेनाने रंगवली, आणि तिला कल्पनाशक्ती म्हणायचे की तक्रार, हे मी अजून ठरवलेले नाही. मला चेहरा भरण्यातच गोडी आहे. नवशिक्या हातांनी डोळे नेहमी फार वर काढले जातात. वास्तविक ते डोक्याच्या उंचीच्या मध्यावर असतात, आणि लहान मुलाचा चेहरा हवा असेल तर मध्याच्याही किंचित खाली घ्यावे लागतात. दोन डोळ्यांमध्ये एका डोळ्याएवढी जागा सोडली की चेहरा निवतो. भरतकाम मी डोके भरण्याआधी, कापड रिंगमध्ये ताणून करते. पिशवीत घालून ते कुठेही नेता येते. मात्र सपाट कापडावर बेतशीर दिसणारे डोळे डोके गोल झाल्यावर बाजूंना पसरल्यासारखे दिसतात, याचा अंदाज धरून ते थोडे जवळ काढावेत. ज्यांना हा अंदाज नको असेल त्यांनी डोके भरल्यावर भरतकाम करावे आणि गाठी केसांखाली लपवाव्यात.

संग्रह करणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांकडून

मी बाहुली केलेली नाही. इतरांनी केलेल्या मी सांभाळतो, आणि येथे बहुतेकांनी वेळेविषयी लिहिले असल्यामुळे जागेविषयी लिहिणे माझ्याकडे आले असे समजतो.

संग्रह ठरवून सुरू होत नाही. दिल्लीचे शंकर आंतरराष्ट्रीय बाहुली संग्रहालय १९६५ मध्ये उभे राहिले, त्याची सुरुवातही व्यंगचित्रकार शंकर यांच्याकडे आलेल्या एका हंगेरियन बाहुलीपासून झाली. माझ्याकडेही पहिली बाहुली भेट म्हणून आली. घरगुती संग्राहक आणि संग्रहालय यांत फरक एवढाच, की संग्राहकाला त्याच कपाटात पांघरुणेही ठेवावी लागतात.

कापडी बाहुलीचे शत्रू तीन : उजेड, दमटपणा आणि कसर. उजेडाने झालेली हानी भरून येत नाही. संग्रहालयांत कापडावरचा प्रकाश साधारण ५० लक्सपर्यंत (लक्स हे उजेडाचे माप) ठेवतात, आणि खिडकीशेजारची घरातली जागा त्याच्या कितीतरी पट उजळ असते. त्यामुळे दिवाणखान्यात दिसाव्यात म्हणून काचेच्या कपाटात मांडलेल्या बाहुल्या मी आळीपाळीने बदलतो आणि उरलेल्या अंधारात ठेवतो. त्यामुळे घरच्यांची कुरकुरही थांबली, कारण एका वेळी चारच बाहुल्या दिसतात. आत ठेवलेल्या बाहुल्या आम्लरहित कागदात किंवा धुतलेल्या जुन्या सुती कापडात गुंडाळाव्यात. वर्तमानपत्राचा कागद टाळावा, आणि बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत त्या कायमच्या ठेवू नयेत, कारण आत ओल धरली तर बुरशी येते.

लोकरीचे केस असलेल्या बाहुलीला कसर लागल्याची शंका आली, तर ती घट्ट बंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवतो, आणि बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडत नाही, म्हणजे ओल बाहुलीवर न धरता पिशवीवर धरते. रंगवलेल्या किंवा मेणाच्या चेहऱ्याला हा उपाय करू नये. डांबरगोळ्या मी केव्हाच बंद केल्या. त्यांचा वास कापडात मुरतो आणि माणसांनाही तो चांगला नव्हे.

कापड टिकत नाही, असे काही जण म्हणतात. ब्रिटिश म्युझियममध्ये रोमन काळातील इजिप्तमधली एक तागाच्या कापडाची बाहुली आहे, जिच्या पोटात चिंध्या आणि पपायरसचे तुकडे भरलेले आहेत. ती इसवी सनाच्या पहिल्या ते पाचव्या शतकातली मानतात. तिथल्या कोरड्या हवेने ती राखली. हवा कोरडी असेल तर चिंध्याही लाकडाच्या बरोबरीने टिकतात.

जुन्या कपड्यांच्या बाहुल्या करणाऱ्या एका आजींकडून

माझ्याकडे बाहुल्यांसाठी नवे कापड क्वचितच येते. मुलांचे आखूड झालेले सदरे, विरलेले अभ्रे, आणि अलीकडे बऱ्याचदा घरातल्या गेलेल्या माणसाचे कपडे लोक आणून देतात. अशा वेळी मी लगेच कात्री लावत नाही. कपडा महिनाभर ठेवून घेते आणि मग पुन्हा विचारते, कारण पहिल्या दुःखात दिलेला कपडा कित्येकांना परत हवा असतो आणि तो मागायला त्यांना संकोच वाटतो. कापायचेच ठरले तर खिसा, कॉलर किंवा बटणपट्टी यांपैकी काही तरी मी ओळखू येईल असे शिल्लक ठेवते. बाहुलीच्या अंगावर तोच खिसा दिसला, की घरातली माणसे त्यात बोट घालून पाहतात.

धुऊन धुऊन विरलेले कापड शिवण धरत नाही. त्याला आतून मांजरपाटाचे अस्तर देऊन दोन्ही एकच कापड असल्याप्रमाणे कापावे. ताणणाऱ्या बनियनच्या कापडाला इस्त्रीने चिकटणारे पातळ अस्तर लावावे, नाही तर भरताना बाहुलीचे पोट सुटते. डोळ्यांना आता बारीक दिसत नाही, तेव्हा उरलेली फट छुप्या टाक्याने बंद करण्याचे काम मी भर दुपारी करते आणि सुया नातीकडून सकाळीच ओवून घेते. एकदम दहा सुया ओवून उशीला टोचलेल्या असल्या की दिवसभर कोणाची मनधरणी करावी लागत नाही. प्रत्येक बाहुलीच्या पाठीवर, कपड्याखाली, मी साल आणि कापड कोणाचे ते दोऱ्याने लिहिते. शाई पसरते.

धुण्याविषयी विचारणाऱ्यांसाठी, धागा उघडणाऱ्याकडून

धुण्याविषयी एकीने विचारणा केली आहे. खेळातली बाहुली धुवावीच. संग्रहातली धुऊ नये, तिच्यावर जाळी धरून मऊ ब्रशने किंवा कमी जोराच्या व्हॅक्यूमने धूळ काढावी. खेळातली पॉलिएस्टर भरलेली असेल तर कोमट पाण्यात सौम्य साबणाने हाताने दाबून धुवावी, पिळू नये, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपून घ्यावे आणि आडवी वाळवावी, कारण दोरीवर टांगली तर ओल्या भाराने मान ताणली जाते. लोकरीने भरलेली बाहुली मात्र पाण्यात बुडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. केसांची लोकर ओली असताना विंचरू नये.