गळा गेल्यावर गायकाने थांबावं का? लास व्हेगसच्या वेन न्यूटनबद्दल

रेतीतला_पाऊस

२०१७ साली आई-बाबा आमच्याकडे कॅलिफोर्नियाला आले होते, तेव्हा त्यांना दोन दिवस लास व्हेगसला नेलं. जुगारात दोघांनाही काडीचा रस नाही. मग संध्याकाळी बॅलीज हॉटेलातल्या एका लहानशा सभागृहात वेन न्यूटनच्या कार्यक्रमाची तिकिटं काढली. तेव्हा तो पंचाहत्तरीचा होता आणि आवाज पार घोगरा झाला होता. पडद्यावर जुन्या चित्रफिती, आठवणी, लोकांच्या प्रश्नांना उत्तरं आणि मधूनमधून गाणं, असा कार्यक्रमाचा बाज.

तेव्हापासून घरात सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही. बाबा म्हणतात, गळा गेला की गायकाने उठावं. मला वाटतं, शोरूमच्या गायकाला हा नियम लावणं अन्यायाचं आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. शोरूम म्हणजे कॅसिनोच्या पोटातलं, टेबलं मांडलेलं नाट्यगृह. न्यूटनचा जन्म १९४२चा, व्हर्जिनियातला. लहानपणी दमा होता म्हणून घरचे त्याला ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत घेऊन आले. शाळा पुरी व्हायच्या आधीच तो आणि त्याचा मोठा भाऊ लास व्हेगसमधल्या फ्रीमाँट हॉटेलच्या लाउंजमध्ये गायला लागले. बोली दोन आठवड्यांची होती, राहिले पाच वर्षं. दिवसाला सहा खेळ! वय कमी, म्हणून दोन खेळांच्या मधल्या वेळात कॅसिनोत थांबायची परवानगी नाही. १९६३मध्ये गायक बॉबी डॅरिनच्या मदतीने 'डांके शोन' हे गाणं ध्वनिमुद्रित झालं. तो कोवळा, उंच आवाज रेडिओवर ऐकून अनेकांना बाईच गातेय असं वाटायचं.

नंतरची लोकप्रिय गाणी मोजायला एक हात पुरे. तरीही १९९४मध्ये लास व्हेगसमधला त्याचा एकट्याचा २५,०००वा कार्यक्रम झाला. विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्याला त्याचं नाव आहे. हे सगळं रेकॉर्डांच्या जिवावर मिळालेलं नाही. समोरच्या टेबलांवर बसलेल्या माणसांना आपलंसं करायची जी कला असते, तिच्या जिवावर मिळालं. ती कला मला त्या संध्याकाळीही शाबूत दिसली.

शेजारच्या टेबलावर एक अमेरिकन आजी एकट्याच बसल्या होत्या. त्यांनी पर्समधून पुठ्ठ्याच्या घडीतला एक फोटो काढून टेबलावर उघडून ठेवला. पूर्वी शोरूममध्ये हॉटेलचे फोटोग्राफर टेबलाटेबलावर फिरून असे फोटो काढायचे. फोटोत त्या आणि त्यांचे यजमान. कार्यक्रम संपेपर्यंत आजींचा हात त्या फोटोवरून हलला नाही.

गांधार_निषाद

आदर राखून असहमत. आजींचा प्रसंग वाचून मीही क्षणभर थांबलो, पण तो त्यांच्या संसाराचा ओलावा आहे. तो गायकाच्या खात्यावर कसा लिहायचा?

दिवसाला सहा खेळ हे तुम्ही कौतुकाने सांगितलंत. मला तिथेच वाईट वाटलं. सोळा-सतरा वर्षांच्या पोराच्या गळ्याला ती मजुरी झाली. त्यात वाळवंटाची हवा. तिथे घसा इतका सुकतो की गायकांमध्ये 'व्हेगस थ्रोट' असा शब्दच रूढ आहे. ज्या कोरड्या हवेसाठी घरच्यांनी गाव सोडलं, तसल्याच हवेत हा मुलगा पुढे जन्मभर गात राहिला. अशा गळ्याला विश्रांती देणं हीच त्याची कदर ठरली असती. २००९मध्ये ट्रॉपिकाना हॉटेलात त्याचा मोठा कार्यक्रम लागला, तेव्हाच समीक्षकांनी आवाजाबद्दल कठोर लिहिलं होतं. तुम्ही पाहिलंत ते त्याच्याही आठ वर्षांनी.

तिकिटावर गायकाचं नाव असेल तर सूर मिळाला पाहिजे. बाबांचं बरोबर आहे.

मांडवीकाठ

मी पणजीचा. तुम्ही दोघंही गळ्यावर बोलताय, पण मूळ प्रश्न तो नाहीच. शोरूम कशासाठी होती? लोकांनी गाणं ऐकावं, पोटभर जेवावं आणि बाहेर पडताना जुगाराच्या टेबलांमधून वाट काढत जावं म्हणून. १९६०-७०च्या दशकांत शोरूम तोट्यात चालली तरी मालकांना चिंता नसे, कारण भरपाई बाहेरच्या टेबलांवर व्हायची. त्या हिशोबात गायक म्हणजे गळाला लावलेलं आमिष.

आमच्याकडे मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटींवर आजही हेच चालतं. प्रवेशाच्या पैशात जेवण, दारू, गाणं-नाच सगळं आलं. माझा सख्खा मावसभाऊ "गाणी ऐकायला" म्हणून जायला लागला होता. त्याची रिक्षा गेली, मग वहिनीचं मंगळसूत्र गेलं. त्या बोटीवर गाणारी मुलगी गुणी होती, तिला मी दोष देत नाही. पण जिथे हे घडतं, त्या जागेवर पंचवीस हजार वेळा उभं राहिलेल्या माणसाचा गौरव मला जमणार नाही. त्यातून १९८०मध्ये तो स्वतःच अलाद्दिन कॅसिनोचा भागीदार झाला होता. म्हणजे नुसता गाणाराही राहिला नाही.

काळी_चार

मांडवीकाठ, तुमच्या भावाचं वाचून फार वाईट वाटलं. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

अलाद्दिनबद्दल एक भर घालतो. त्या खरेदीवरून एनबीसी या टीव्ही वाहिनीने त्याचा संबंध गुन्हेगारी टोळ्यांशी जोडणाऱ्या बातम्या दाखवल्या. त्याने खटला भरला. १९८६मध्ये ज्यूरीने १ कोटी ९२ लाख डॉलर मंजूर केले, पण १९९०मध्ये अपिलात तो निकाल फिरला. १९९२मध्ये त्याने दिवाळखोरी जाहीर केली, कर्ज २ कोटी डॉलरच्या घरात. आणि तो पुन्हा गायला उभा राहिला. पुढे स्टारडस्ट हॉटेलने आपल्या सभागृहाला त्याचं नाव दिलं. २००५पर्यंत तो तिथे गायला. २००७मध्ये ती इमारतच पाडली.

आता गळ्याबद्दल. मी अकरा वर्षं हॉटेलांमध्ये रात्री कीबोर्ड वाजवलाय. आमचे एक ज्येष्ठ गायक होते. साठी उलटली तसं मी त्यांची पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, न सांगता उतरवत गेलो. पेटीवरच्या काळी चारची गाणी खालच्या पांढरी चारवर आली. एका रात्री वरचा पंचम लागेना, तर ते माइक घेऊन सरळ टेबलांमध्ये उतरले आणि ती ओळ एका लहान मुलाकडून म्हणून घेतली. सगळं हॉटेल गायला लागलं. गांधार, तुम्ही याला चुकवाचुकवी म्हणाल. मी रोज रात्री शेजारी बसून बघायचो. कुठल्या टेबलावर वाढदिवस आहे, कोण भांडून आलंय, कोणत्या गाण्याला वेटर थांबवायचा, हे सगळं त्यांना कळायचं. मैफलीत श्रोता गाण्यासाठी आलेला असतो. इथे तो जेवायला आलेला असतो आणि तुम्हाला त्याला गाण्याकडे वळवायचं असतं. न्यूटन त्यासाठी फिडल, बँजो, गिटार, ट्रंपेट, काय काय वाजवायचा.

गांधार_निषाद

तुमच्या गायकांची गोष्ट मनाला लागली. पण तुम्ही पट्टी उतरवत होतात, म्हणजे सूर सांभाळणारं कोणीतरी शेजारी होतं. माझं भांडण पट्टी उतरवण्याशी नाही, जो सूर लागतच नाही त्याच्याशी आहे. मत बदललेलं नाही.

रेतीतला_पाऊस, एक विचारतो. त्या आजींना आवाज कसा वाटला? कोणी विचारलं का?

रेतीतला_पाऊस

मांडवीकाठ, तुमचा मुद्दा मी बाबांना वाचून दाखवला. बराच वेळ कोणीच काही बोललं नाही. कॅसिनोचा हिशोब मी धाग्यात आणायलाच हवा होता, ती चूक माझी.

गांधार, आईने विचारलं होतं. तिचं इंग्रजी मोडकंतोडकं, पण बाहेर पडताना दोघी हात धरून बोलत होत्या. पूर्वी शोरूममध्ये चांगली जागा हवी तर दारावरच्या माणसाच्या हातात गुपचूप नोट सरकवायला लागायची. फोटो काढला त्या रात्री आजींच्या यजमानांकडे द्यायला तेवढे पैसे नव्हते, म्हणून त्यांना अगदी मागचं, खांबाआडचं टेबल मिळालं होतं. "पुढच्या वेळी पुढे बसू," असं ते त्यांना म्हणाले होते.

यावेळी आजींनी पहिल्या रांगेचं तिकीट काढलं होतं. आवाजाबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत, असं आई सांगते.